ओवीखाली नाव हवं

(आई आणि आजी यांच्या स्मरणार्थ निर्णा येथे भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या माउलीच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत तिची मुलं, लेकी, सुना, नातवंडं आज इथे आहेत. कुणी बिदरहून आलंय, कुणी हैदराबादहून, कुणी सोलापूर-पुण्याकडून. पुढाऱ्यांच्या, संस्थापकांच्या नावानं व्याख्यानमाला आपल्याकडे उदंड आहेत. जन्मभर घर आणि शेत सांभाळलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईसाठी तिच्याच गावात व्याख्यान ठेवावं, हे तिच्या लेकरांच्या मनात आलं, म्हणून आधी त्यांना नमस्कार करते. मीही या निर्ण्याची नात आहे. माझी माय, म्हणजे माझ्या वडिलांची आई, याच गावात नांदली आणि याच गावात गेली. तेव्हा आज तुमच्या आजीबद्दल बोलताना माझी आजी मध्ये येणारच.

सुरुवात मात्र जरा लांबून करते. इथून हुमनाबाद गाठावं आणि तिथून बसवकल्याणला जावं. आज ते तालुक्याचं गाव आहे. बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी होती. तिथे तिसरा सोमेश्वर राज्य करत असताना, शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९च्या सुमारास, त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. राजानं काय खावं, हत्ती कसा पारखावा, रत्न कसं ओळखावं, कोणत्या वेळी काय गावं, असा राजवाड्यातला सगळा संसार त्या ग्रंथात आहे. त्यात गाण्याचा विषय चालला असताना एक उल्लेख येतो : महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. मराठी ओवीचा हा फार जुना लेखी पुरावा. वाङ्मयाच्या इतिहासाची पुस्तकं तो हमखास देतात. हा पुरावा पैठणला सापडला नाही की देवगिरीला नाही. तो आपल्या कल्याणच्या दरबारात लिहिला गेला, हे आपल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

मला त्याचा अभिमान आहे आणि त्यातच माझं दुखणंही आहे. राजानं ओवी टिपली. मुसळ कुणाच्या हातात होतं ते टिपलं नाही. बाराव्या शतकातल्या राजाकडून कुणी ती अपेक्षा करणार नाही. पण पुढची नऊशे वर्षं आपण बहुतेक तसंच वागलो. गाणं घेतलं, ‘लोकगीत’ म्हणून छापलं, आणि गाणारीचं नाव वाऱ्यावर सोडलं.

आपल्या बायकांची नावं कागदावर येतात तरी कुठे, ते बघा. आजोबा गेल्यावर मायचं नाव शेताच्या पहाणीत लागलं. कन्नडमध्ये तिचं नाव, पुढे ‘गंड’, आणि मग आजोबांचं नाव. तिचं माहेर निलंगा तालुक्यातलं. तिथल्या मराठी सातबाऱ्यावर वारस म्हणून कधीकाळी नाव आलं ते ‘भ्र.’ लावून, म्हणजे भ्रतार अमुक. रेशनकार्डावर वय होतं ते कारकुनानं चेहऱ्याकडे बघून घातलेलं. बँकेच्या पासबुकावर अंगठा. बाप, नवरा, मुलगा यांच्यापैकी कुणाचा तरी हात धरल्याशिवाय तिला कागदावर उभं राहता आलं नाही. हे तिच्या एकटीचं नाही. इथे सतरंजीवर बसलेल्या साठीच्या पुढच्या बहुतेक जणींचं असंच आहे.

जन्मतारीख नव्हती, पण तिला काळ चांगला कळत होता. “रझाकाराच्या वक्ताला तुझा मोठा काका पोटात हुता,” असं ती सांगायची. म्हणजे काका १९४८चा. बहात्तरच्या दुष्काळात घरातली कोणती भांडी गेली आणि कोणती राहिली, ते तिला एकेक करून पाठ होतं. किल्लारीचा भूकंप १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या आत झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. ती म्हणायची, रांजणातलं पाणी हललं तेव्हा मी जागीच होते. तिची पंचांगं ही अशी होती, आणि शाळेत मी पाठ केलेल्या सनावळीशी ती ताडून पाहिली तर चुकत नसत.

आता सरकारांचं बघा. माय जन्मली तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. कचेरीची भाषा उर्दू, रुपया हाली. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, हा हिशेब तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. १९४८च्या सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांतरचना झाली आणि आपल्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, कल्याण म्हैसूर राज्यात आले. १९६० साली तिचं माहेर महाराष्ट्रात, १९७३ साली तिचं सासर कर्नाटकात. तिनं यातला एकही निर्णय केला नाही, कुणी तिला विचारलं नाही, आणि तिनं गावही बदललं नाही. लग्न करून ती एकाच जिल्ह्यातल्या एका गावातून दुसऱ्या गावात आली होती. पण पन्नाशीच्या आत तिचं माहेर परराज्यात गेलं.

सीमाप्रश्नावर मी आज बोलणार नाही. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल, ८१४ गावांचा दावा, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला खटला, यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की ही सीमा बायकांच्या माहेरावरून गेली, आणि या प्रश्नावरच्या भाषणांत मी माहेर हा शब्द कधी ऐकला नाही. पंचमीला भाऊ न्यायला येतो, ही ओवीतली सगळ्यात मोठी आस. तो भाऊ आता दुसऱ्या राज्यातून, दोन गाड्या बदलून यायचा. भाच्याची शाळा मराठी, लेकाची शाळा कन्नड. मामाचं पत्र आलं की ते वाचायला घरात माझे वडील एकटेच. ते भालकीला मराठी शिकले होते म्हणून. धाकट्या काकाला मराठी अक्षर लागत नव्हतं. एका आईची दोन मुलं, आणि आईच्या भावाचं पत्र एकालाच वाचता येतं. हे घडलंय. आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडलंय.

पोलिस ॲक्शनबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. मे १९४८मध्ये गोरटा गावात रझाकारांनी माणसं मारली. तिथे आता स्मारक आहे, तिथे जावं, डोकं टेकवावं. आणि सप्टेंबरनंतर जे झालं, तेही विसरू नये. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अहवालात मुसलमानांवर सगळ्यात जास्त अत्याचार झालेले म्हणून जे जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बिदर आहेत. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढे आला नाही. पुरुषांच्या भाषणांत यातली एकच बाजू येते. ज्याची जी असेल ती. मायच्या तोंडून मी दोन्ही ऐकल्या. मे महिन्यातली भीती आणि सप्टेंबरनंतर मुसलमान मनेराच्या घरात पेटला नाही तो चुलीतला जाळ, दोन्ही ती एकाच आवाजात सांगायची. बांगड्या भरायला येणाऱ्या त्या घरातल्या बाईशी ती दख्खनीत बोलायची आणि तिला बहीण मानायची. या मुलखाचा खरा इतिहास लिहायचा असेल तर तो अशा बायकांना विचारून लिहावा लागेल. त्यांतल्या फार थोड्या आता उरल्या आहेत.

मायला तीन भाषा येत होत्या, लिहिता एकही येत नव्हती. घरात मराठी, मनेरणीशी दख्खनी, आणि खुरपायला गेली की कन्नड. शेजारची अक्का लिंगायताची. दोघी एका जात्यावर बसत. जात्याची गोष्ट इथल्या मुलांसाठी जरा सविस्तर सांगते, कारण त्यांनी जातं पाहिलंय ते लग्नात हळकुंडं दळताना, सुपारी बांधलेलं. खाली तळी, वर पाळू, मध्ये लोखंडी खुंटी. पाळूला लाकडी खुंटा. समोरासमोर बसायचं, एकीचा पाय पसरलेला, एकीचा दुमडलेला, दोघींचे हात एका खुंट्यावर. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं, आणि मोकळ्या हातानं मूठ मूठ ज्वारी तोंडात वैरायची. जास्त वैरली तर पीठ भरड, कमी वैरली तर दगडाला दगड घासून पिठात कच. पीठ जाड यायला लागलं की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. दोघींची लय जुळली नाही तर खांदा भरून येतो. म्हणून गाणं. माय मराठी ओवी म्हणायची, अक्का कन्नड त्रिपदी. एकीची संपली की दुसरीची सुरू. जातं एकच, पीठ दोन घरांचं. मायच्या ओव्यांत पंढरपूर आणि भाऊ, अक्काच्या पदांत बसवण्णा, मल्लय्या आणि भाऊच. पुढे पुढे दोघी एकमेकींच्या म्हणायला लागल्या.

यात नवल नाही. आपल्या मातीत हे मुरलेलंच आहे. गाणगापूर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं. त्या नृसिंहसरस्वतींचं ‘गुरुचरित्र’ मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड होती. हुमनाबादजवळचं माणिकनगर वसवणाऱ्या माणिकप्रभूंनी मराठीत पदं केली, कन्नडमध्ये केली, उर्दू-हिंदीत केली. प्रभूंचा जन्म १८१७चा, दत्तजयंतीचा, लाडवंतीचा. आईचं नाव बयादेवी. १८६५ला प्रभूंनी समाधी घेतली आणि गादीवर बसले ते त्यांचे पुतणे मनोहरप्रभू, म्हणजे बयादेवींचे नातू. एका घरातून दोन पिढ्या सत्पुरुष निघाले. पण बयादेवींचं नाव आपण घेतो ते या दोघांमुळे. लाडवंतीच्या घरात ती बाई कशी होती, लेकराला कोणत्या भाषेत निजवत होती, हे आपण आपल्या मनाशी तरी विचारतो का? संतांच्या आईचं हे असं, तर आपल्या आयांचं काय?

मराठीत आईवर कमी लिहिलेलं नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ची. ती वाचून रडला नाही असा माणूस इथे नसेल. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ स्वतःच लिहिली, मुलाची वाट पाहिली नाही. इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखात, सभेत बाईंची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून देतात. मग रस्त्यात मुलाचे मित्र त्यांना कर्व्याची आई म्हणून ओळखतात आणि त्यांना ओळख पुरी झाल्यासारखी वाटते. मला तो लेख आवडतो, पण त्या समाधानाशी मी सहमत नाही. इरावतीबाईंचं स्वतःचं नाव जगाला माहीत होतं, म्हणून त्यांना ‘कुणाची तरी आई’ होण्यात आनंद वाटू शकला. ज्या बाईला तेवढं एकच नाव मिळतं, तिला तो आनंद कसा परवडावा?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मला रात्री झोपू देत नाही. आसोद्याची ही बाई जळगावला नांदली, शेतात राबली, अक्षर ओळखत नव्हती. रांधताना, दळताना गाणी रचत होती. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि मावसभावानं काही गाणी वहीत उतरवून ठेवली. बाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या, आणि मग सोपानदेवांनी भीत भीत ती वही अत्र्यांना दाखवली. १९५२ला पुस्तक आलं. आज मराठी कवितेतून बहिणाबाई काढून दाखवा. पण ती वही नसती तर? घरात कवी मुलगा नसता तर? खानदेशात ती एक सापडली. इकडे निलंग्यात, भालकीत, चिटगुप्प्यात, निर्ण्यात अशी कुणी झालीच नाही, असं मानायला मी तयार नाही. वही नव्हती, एवढंच.

वही कशी ठेवावी याचा धडाही मराठीनंच घालून दिला आहे. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ जमवलं. स्वामींच्या सहवासात जे जे होते त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, आणि एकाच प्रसंगाबद्दल दोघांचं सांगणं वेगळं आलं तर दोन्ही लिहून ठेवलं. सांगणाऱ्यांत बायका होत्या. मूळ पोथी धामधुमीत गेली तेव्हा लोकांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. त्यातल्या एका पाठाला आजही हिराइसेचा पाठ म्हणतात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ एका बाईच्या स्मरणशक्तीचं देणं लागतो, आणि तिथे तिचं नाव आहे.

अगदी आपल्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जमवल्या. २०१७पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या लोकांपुढे आणत आहे. तिथे ओवीखाली गाणारीचं नाव असतं, गाव असतं. सोमेश्वर राजानं जे सोडलं ते त्यांनी भरून काढलं. कन्नडमध्ये हलसंगी गावातल्या मित्रांनी ‘गरतिय हाडु’ काढून गरतींची, म्हणजे संसारी बायकांची, पदं जतन केली. आपण मात्र दोन्हीकडून सुटलो. मराठीवाल्यांना आपण कर्नाटकातले, कन्नडवाल्यांना आपण मराठीतले.

आणखी एक सांगते आणि पुढे जाते. मार्गशीर्षातली अमावस्या, आपली वेळ अमावस. लातूर-धाराशिव ओलांडलं की महाराष्ट्रात हा सण फारसा कुणाला ठाऊक नाही. इकडे आपल्याकडे मात्र त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळी शेतात. कडब्याची खोप, चुन्यात रंगवलेले पाच पांडव, आणि आंबिलीची बिंदगी घोंगडी पांघरून डोक्यावर घेतलेला घरचा धनी. त्याचेच फोटो पेपरात येतात. पण आंबील आदल्या दिवशीच घातलेली असते. माय ज्वारीचं पीठ ताकात कालवून नव्या मडक्यात चुलीच्या उबेला ठेवायची, वरून फडकं. रात्री दोनदा उठून वास घ्यायची. भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे सोलायला आळीतल्या बायका दिवेलागणीपासून बसलेल्या. पालक, मेथी, चाकवत, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला निवडलेला. बेसन आंबट ताकात कालवून सोडलं की सारखं हलवत राहायचं. मीठ चाखून बघायचं नाही, कारण निवद. रटरट आवाज बदलला की ती म्हणायची, “झालं, काढ.” मीठ कधी चुकलं नाही. मी प्रमाण विचारलं तर सांगायची, “अंदाजानं की बाय.” तो अंदाज तिला तिच्या आईकडून आला होता, निलंग्याकडून, आणि तो आता माझ्या वहिनीच्या हातात आहे. ती कन्नड बोलणारी, हुमनाबादेची. तिची भज्जी मायसारखी लागते.

असल्या गोष्टी कोणत्याही दफ्तरात नाहीत. म्हणून मी वही केली. पहिल्या पानावर मायचं नाव लिहिलं : तिचं, मग तिच्या आईचं, मग माहेरच्या गावाचं. सासरचं नाव खाली, वेगळ्या ओळीत. मग तिनं सांगितलं तसं : कोणती ओवी कुणाकडून शिकली, वाकळीत कुणाचं कोणतं लुगडं आहे, कोणत्या वर्षी किती पोती तूर झाली, कोणती पोरं जगली आणि कोणती गेली. गेलेल्यांची नावंही तिनं सांगितली. ती सात भावंडं होती आणि तिची चार लेकरं गेली होती, हे माझ्या वडिलांनाही त्या वहीतून कळलं.

या व्याख्यानमालेला आता पैसा आहे, मान आहे, बाहेरचे वक्ते यायला तयार आहेत. माझी आयोजकांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षी बाहेरचा वक्ता बोलावू नका. या गावातल्या ऐंशीच्या पुढच्या तीन बायका या व्यासपीठावर बसवा : एक मराठी बोलणारी, एक कन्नड, एक दख्खनी. त्यांना खुर्ची द्या, माईक द्या, घाई करू नका. त्या बोलतील ते मोबाइलवर घ्या आणि नंतर शाळेतल्या पोरांकडून लिहून काढा, ज्या भाषेत बोलल्या त्या भाषेत. प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं नाव, तिच्या आईचं नाव, माहेरचं गाव. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, एक त्या घरी द्या. आणि तुम्ही बाहेरगावी परत जाणारी नातवंडं आहात ना, तुम्ही पुढच्या वर्षाचीही वाट पाहू नका. आज रात्री इथे मुक्काम आहे. घरात जी सगळ्यात म्हातारी असेल तिच्याजवळ बसा आणि पहिला प्रश्न तिच्या आईचं नाव काय, हा विचारा.